‘चार वाट्या चिकन स्टॉक’ आणायचा कुठून?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांत सूप, पुलाव, रिसोटो यांच्या पाककृती नेमाने छापून येतात. साहित्याच्या यादीत ‘चिकन स्टॉक (म्हणजे कोंबडीची हाडे उकळून गाळलेला रस) – ४ वाट्या’ अशा अर्थाची एक ओळ असते आणि पुढे त्याचा उल्लेखही नसतो. तो कशाचा करायचा, किती दाट हवा, त्यात मीठ आहे की नाही, काही पत्ता नाही. मग वाचक दुकानातून चौकोनी वड्यांचे पाकीट आणतो. पाकिटावरची घटकांची यादी वाचली तर पहिले नाव बहुधा मिठाचे असते. त्यावर पाककृतीतले ‘मीठ चवीनुसार’ पडते आणि सूप तोंडात घालवत नाही. त्याच घरातून त्याच आठवड्यात भाजलेल्या किंवा उकडलेल्या कोंबडीचा सांगाडा ओल्या कचऱ्यात गेलेला असतो.

त्या सांगाड्यातून उत्तम स्टॉक निघतो. आपल्याला ही गोष्ट नवीन नाही. कोल्हापूरकडे मटणाची अळणी काढतात तेव्हा दुसरे काय करतात? फरक एवढाच की इथे हाडे आधीच एकदा शिजलेली असतात, आणि त्यामुळे रीत थोडी बदलते. लिहिणारे सगळे उकळण्यावरच भर देतात. घरी बिघडते ते मात्र हाडे निवडताना आणि गॅस बंद केल्यानंतर.

आधी हाडांबद्दल. मीठ, मिरी, लसूण लावून भाजलेली, वाफवलेली किंवा सँडविच-सॅलडसाठी नुसती उकडलेली कोंबडी असेल तर तिची हाडे सर्वांत चांगली. तंदुरीची चालतात, पण अटीवर. दह्याचा मसाला हाडावर राहिला तर फुटून रसात त्याचे कण होतात, म्हणून तो कोमट पाण्याखाली चोळून काढावा. जळून काळे झालेले भाग सुरीने खरवडून टाकावेत. तो कोळसा तासभर पाण्यात राहिला की सगळे भांडे कडवट होते आणि नंतर काही केले तरी तो कडवटपणा जात नाही. एवढे करूनही तंदुरीचा रस धुरकट लागतोच. मसुराच्या आमटीला किंवा तांबड्या रश्शाला तो छान जमतो, पांढऱ्या रश्शाचा मात्र सत्यानाश करतो.

रश्शातली, सुक्क्यातली, बिर्याणीतली हाडे यात घेऊ नयेत. त्यांच्यावर तेल-मसाल्याचा थर असतो, वाटणातले खोबरे आणि कांदा तळाशी लागतो, बिर्याणीच्या भाताची पेज होते. मुळात रश्शात शिजलेल्या हाडांतले देण्यासारखे बरेचसे रश्शातच उतरलेले असते, आणि तो आपण ओरपलेला असतो.

ताटातली चोखलेली हाडे गोळा करून उकळायचा सल्ला परदेशी पाककृतींत सर्रास दिसतो. उकळीने जंतू मरतात हे खरे, पण आपल्याकडे उष्टे कुणी उकळणार नाही आणि तसे सुचवूही नये. त्यापेक्षा कोंबडी वाढण्याआधी ओट्यावरच मांस सोडवावे. हाताला सोसेल इतकी गरम असताना ते हाडापासून सहज सुटते. गार झाली की चिकटून बसते आणि निम्मे मांस हाडावरच राहते. सोडवलेली हाडे लगेच वापरायची नसतील तर तशीच फ्रीजमध्ये ठेवावीत. शिजलेले मांस किंवा हाडे दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहिली, कडक उन्हाळ्यात तासाभराहून जास्त, तर त्यांचा स्टॉक करू नये. ‘उकळणारच आहोत की’ हे कारण चालत नाही. का ते पुढे येईल.

सोललेल्या सव्वा किलोच्या कोंबडीतून मांस काढल्यावर ३०० ते ४०० ग्रॅम हाडे उरतात. पाणी हाडांच्या वजनाच्या अडीचपट, फार तर तीनपट. म्हणजे ४०० ग्रॅम हाडांना एक लिटर. घरी केलेला स्टॉक पाणचट होण्याचे पहिले कारण हेच, की कुकर मोठा असतो आणि माणूस तो भरून टाकतो. एका सांगाड्यासाठी गॅस जाळणे जिवावर येत असेल तर हाडे जाड पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये साठवावीत. दोन-तीन महिन्यांत दोन-तीन सांगाडे जमले की एकदाच कुकर लावावा.

दुसरे कारण असे की शिजलेल्या हाडांची ताकद पहिल्या शिजवण्यातच थोडी कमी झालेली असते. त्यावर स्वस्त उपाय चिकनच्या दुकानातच असतो: पंजे. बोनलेस घेणाऱ्यांची गर्दी वाढल्यापासून पाठी, माना आणि पंजे दुकानदार अगदी कमी भावात देतो. ४०० ग्रॅम शिजलेल्या हाडांना २०० ग्रॅम कच्चे पंजे आणि एकूण दीड लिटर पाणी, हे प्रमाण हमखास जमते. पंज्यांत मांस नसते, पण कातडी, स्नायुबंध आणि कूर्चा भरपूर, आणि रसाला अंग येते ते त्यांतल्या कोलॅजेनमुळे. पंजे उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून बाहेर काढले की वरची पिवळी साल मोजा काढावा तशी निघते. नखांची पेरे सुरीने उडवावीत. पंजांना घरच्यांचा विरोध असेल तर माना आणि पंखांची टोके घ्यावीत. छातीच्या हाडांतून फारसे काही मिळत नाही.

पाठीचे हाड उलटे करून आतून एकदा बघावे. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत तांबडे-तपकिरी मऊ गोळे चिकटलेले असतात. ती फुप्फुसे आणि मूत्रपिंडे. शिजल्यावर ती करडी दिसतात. अंगठ्याने खरवडून टाकावीत. रस गढूळ आणि किंचित कडू का झाला याचे उत्तर बरेचदा तिथे असते. कलेजीही या भांड्यात नको.

कोंबडी बॉयलर आहे की गावरान, यावर वेळ ठरतो. बॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असते, तिची हाडे कोवळी आणि सच्छिद्र. रस लवकर उतरतो आणि लवकर संपतो. गावरान किंवा अंडी देऊन थकलेली लेअर कोंबडी वयाने मोठी, तिला दीडपटीहून थोडा जास्त वेळ लागतो, पण चवीत बॉयलर तिच्या जवळपासही येत नाही.

आता शिजवणे. पाच लिटरच्या कुकरमध्ये हाडे मोडून घालावीत. तंगडीची नळी हातानेही मोडते, पाठीला कात्री लागते. त्यावर गार पाणी. गरम पाणी घातले तर कच्च्या पंज्यांतली प्रथिने एकदम गोठून बारीक कणांत विखुरतात. गार पाण्यातून हळूहळू तापले तर ती एकत्र येऊन फेसाच्या रूपाने वर येतात आणि डावाने काढता येतात. झाकण न लावता मध्यम आचेवर उकळी येऊ द्यावी, फेस काढावा, मग पाच-सात मिनिटे मंद आचेवर ठेवून पुन्हा काढावा. नुसती शिजलेली हाडे असतील तर फेस जेमतेम येतो.

मग एक कांदा दोन तुकडे करून, अर्धे गाजर, चार लसूणपाकळ्या, आल्याची एक चकती, आठ-दहा मिरी, एक तमालपत्र आणि मूठभर कोथिंबिरीचे देठ. पाने नकोत, ती काळवंडतात. भाज्यांचे तुकडे मोठेच हवेत, कारण कुकरमध्ये त्या मध्येच घालता येत नाहीत आणि बारीक चिरल्या तर विरघळून रस गढूळ करतात. कोबी, फ्लॉवर आणि बटाटा टाळावा. पहिल्या दोघांना तास उलटला की उग्र वास सुटतो, तिसऱ्याच्या पिठाने रस गढुळतो. लवंग, दालचिनी, वेलची घालण्याचा मोह आवरावा. ज्याला त्याला पुलावाचा वास येईल असा स्टॉक एकाच पदार्थाच्या कामाचा राहतो. हळदीचेही तेच, अळणीत ती शोभते, इथे नको.

मीठ अजिबात नाही. हा स्टॉक पुढे आटणार असतो. लिटरचा अर्धा लिटर झाला की मीठ दुपटीने जाणवते. भाजलेल्या कोंबडीवरचे थोडे मीठ तसेही आत आलेलेच असते.

कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करून घड्याळ लावावे: ४५ मिनिटे, गावरान असेल तर सव्वा तास. ‘तीन शिट्ट्या’ हे माप इथे निरुपयोगी आहे. शिट्टी किती वेळाने होते हे बर्नर, आच आणि कुकरचा आकार ठरवतो, आणि तीन शिट्ट्या दहा-बारा मिनिटांत आटोपतात. तेवढ्यात मांस शिजते, कूर्चा मात्र पांढरी आणि टणक राहते. कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सियसच्या आसपास असते, म्हणून उघड्या पातेल्यात तीन-साडेतीन तास लागणारे काम पाऊण तासात होते. वेळ झाली की गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ सोडली तर दाब एकदम पडतो, आत रस खदखदून उकळतो, चरबीचे सूक्ष्म थेंब पाण्यात मिसळतात आणि निवळ झालेला रस पुन्हा दुधाळ होतो. झाकण काढल्यावर नळीच्या टोकाची कूर्चा चिमटीत धरून दाबावी. ती चिरडली आणि पंज्याची पेरे सुटी झाली तर झाले. रबरासारखी परत फुगली तर आणखी १५ मिनिटे.

पातेल्यात करायचा असेल तर नियम एकच. रस उकळू द्यायचा नाही, मधूनमधून एखादा बुडबुडा फुटला पाहिजे. भाज्या शेवटच्या पाऊण तासात घालाव्यात आणि हाडे उघडी पडली तर गरम पाण्याची भर घालावी. चव थोडी अधिक हळुवार उतरते, हे मान्य. पण रोजच्या घरात सिलिंडरचा विचार करता कुकरच बरा.

गाळताना आधी मोठी जाळी, मग ओले करून पिळलेले मलमल. हाडांचा चोथा डावाने दाबू नये. दाबून निघालेला अर्धा वाटी रस बाकीचा सगळा गढूळ करतो. गढूळ स्टॉक खायला वाईट नसतो. पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध आणि खसखस-तिळाचे वाटण पडले की कुणाला ते कळणारही नाही. पण पारदर्शक सूप करायचे असेल तर धीर धरावा.

इथवर बहुतेक जण ठीक येतात. पुढे होते असे, की रात्रीचे दहा वाजलेले असतात, पातेल्यावर झाकण टाकून ‘निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवू’ म्हणतात आणि सकाळी उठून ठेवतात. शिजलेले अन्न ६० अंशांखाली उतरल्यापासून ५ अंशांपर्यंत पोचेपर्यंत जंतूंची चंगळ असते. त्यातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा मांसरसातला जुना गुन्हेगार. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचातले सुप्त रूप, साध्या उकळीला दाद देत नाहीत. उकळी बाकीचे जंतू मारून त्याला मैदान मोकळे करून देते, उकळलेल्या रसात हवाही फारशी उरलेली नसते आणि त्याला ती नकोच असते. ४३ ते ४७ अंशांच्या दरम्यान तो सर्वांत झपाट्याने वाढतो. अनुकूल परिस्थितीत दहाएक मिनिटांत दुप्पट. मे महिन्यात विदर्भात बाहेरची हवाच या तापमानाला टेकते. तिथे ओट्यावर ठेवलेले पातेले निवणार तरी किती? असा रस नीट न उकळता, नुसता कोमट करून प्यायला तर सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब. वास आणि चव मात्र ठाकठीक असते, म्हणून दोष भलत्याच पदार्थावर जातो. पुन्हा खळखळून उकळले की बीजाणूंतून बाहेर येऊन वाढलेले हे जंतू मरतात. पण बॅसिलस सिरियससारखे दुसरे काही जंतू अन्नात असे विष तयार करून ठेवतात की ते उकळूनही जात नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या हाडांना उकळी देऊन उपयोग नाही तो यामुळेच.

कुकरच्या १२० अंशांत बीजाणूही बहुतेक मरतात, मग झाकण न उघडता रात्रभर ठेवला तर काय बिघडले, असे विचारले जाते. बिघडते असे की निवताना कुकर शिट्टीच्या वाटेने बाहेरची हवा आत ओढतो, शिवाय झाकण कुणीतरी उघडून डाव फिरवतेच. कुकर म्हणजे हवाबंद डबा नव्हे.

म्हणून गाळल्यापासून दोन तासांत रस २१ अंशांच्या खाली आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आला पाहिजे. यासाठी पातेले परातीत ठेवावे, परातीत गार पाणी आणि बर्फ, आणि रस मधूनमधून ढवळावा. लिटर-दीड लिटर अर्ध्या तासात हाताला गार लागतो. याहून सोपी युक्ती म्हणजे शिजवताना पाव लिटर पाणी कमी घालायचे आणि गाळल्यावर पिण्याच्या पाण्याचा तेवढाच बर्फ थेट रसात टाकायचा. ९० अंशांच्या लिटरभर रसात ३०० ग्रॅम बर्फ वितळला की तापमान ५० च्या जवळ येते, म्हणजे निम्मे काम एका मिनिटात होते. मग दोन इंचांपेक्षा कमी उंचीच्या पसरट स्टीलच्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये. खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि शेजारच्या दुधालाही ऊब देतो.

सकाळी डबा तिरपा करून पाहावा. रस पाण्यासारखा वाहिला नाही, नुसता थरथरला, तर प्रमाण आणि वेळ दोन्ही साधले. गोठला नाही म्हणून टाकून देऊ नये. चव असतेच, फक्त अंग कमी असते, आणि तो आटवून अर्धा केला तर बहुधा गोठतो. वर पिवळट चरबीचा मऊ थर येतो. तो वापरायच्या वेळी काढावा आणि भाताच्या फोडणीला घ्यावा. फ्रीजमध्ये तीन दिवस, त्याहून जास्त नाही. वीज चार तासांहून जास्त वेळ गेली तर त्या डब्याचा मोह सोडावा.

जास्त दिवस ठेवायचा तर आटवून पाव भाग करावा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. अशा एका खड्याला तिप्पट पाणी घातले की मूळ स्टॉक तयार. डब्यात गोठवताना वर बोटभर जागा सोडावी, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते; काचेची बरणी तर वापरूच नये. डीप फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने उत्तम. सिंगल डोअर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीम मऊ राहत असेल तर तिथे दोन-तीन आठवडेच. वापरताना खळखळून उकळी आणावी. सूप म्हणून प्यायचे असेल तर लिटरला सव्वा चहाचा चमचा, म्हणजे साधारण ७ ग्रॅम मीठ पुरते. पांढऱ्या रश्शात मात्र ही उकळी नारळाचे दूध घालण्याआधी. नंतर उकळले की दूध फाटते.

जाता जाता, या रसाच्या औषधी गुणांबद्दल समाजमाध्यमांवर जे फिरते त्याबद्दल. कपभर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कपभर हाडांच्या रसात त्याचा अगदी लहानसा अंश उतरतो आणि चमचाभर व्हिनेगर घातल्याने त्यात फारशी भर पडत नाही. जिलेटिन (कोलॅजेन शिजून रसात उतरते ते) खाल्ले की ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही, इतर प्रथिनांसारखेच पचते. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच. तेव्हा आजाऱ्याला नुसते हे पाणी पाजून पोषण झाले असे समजू नये; त्यातच मऊ भात शिजवून कुस्करलेले मांस घालावे. युरिक आम्लाचा त्रास असलेल्यांनी बेताने घ्यावा, कारण ज्यांचे शरीरात युरिक आम्ल होते ती मांसातली प्युरिने पाण्यात उतरतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपल्या पुरवणीच्या संपादकांना विनंती अशी की पाककृतीत स्टॉक लिहिताना त्यापुढे कंसात ‘बिनमिठाचा’ किंवा ‘मिठाचा’ एवढे छापावे आणि वर्षातून एकदा तरी हाडांचे वजन, पाण्याचे माप आणि निववण्याची वेळ यांसह पूर्ण कृती द्यावी. अर्धा स्तंभ पुरेल.

गाळून उरलेली हाडे गल्लीतल्या कुत्र्यांना घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती घालू नयेत. शिजलेली नळी चावताना उभी चिरते आणि तिची टोके घशात, आतड्यात रुततात; शिवाय त्या चोथ्यातला कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतो. घरच्या कंपोस्टमध्ये टाकली तर उंदीर येतात. वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्यावीत, आणि गाडी दुसऱ्या दिवशी येणार असेल तर तोवर पुडके फ्रीजरमध्ये ठेवावे.

कळावे,
एक वाचक, कोल्हापूर